जगात हॅम्बुर्ग, भारतात परभणी

रॉक गायक व्हायचंय ना? मग पुण्या-मुंबईला कशाला पळायलात? पबमध्ये गायल्याशिवाय गळा तयार होत नाही, असं म्हणतात. पब तर आपल्याकडेही आहेत. दारावर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं, एवढाच फरक.

बीअरचीही चिंता नको, ती आपल्या वाळूजलाच बनते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा इकडच्या बीअर कारखान्यांचं पाणी कमी करा असा हुकूम खुद्द हायकोर्टाने काढला. एवढी परंपरा इंग्लंडातल्या रॉकच्या माहेराला, लिव्हरपूलला तरी आहे का?

त्या लिव्हरपूलच्या जगप्रसिद्ध बँडचं, बीटल्सचंच बघा. ऑगस्ट १९६० मध्ये ही पोरं जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या 'इंद्रा' नावाच्या क्लबात गायला गेली. रोज साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा. मुक्काम एका टॉकीजच्या पडद्यामागे, संडासाला लागून. क्लबच्या वर राहणाऱ्या म्हातारीने आवाजाची तक्रार केली, क्लब बदलावा लागला. आता सांगा, यातलं परभणीत काय मिळणार नाही? म्हातारी तर गल्लीत चार मिळतील.

नोकरी मात्र सोडू नका. इंग्लंडातल्या शेफील्डचा रॉक गायक 'जो कॉकर' दिवसा गॅस फिटर होता, रात्री पबात 'व्हान्स अर्नोल्ड' नावाने गायचा. १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या मोठ्या संगीत महोत्सवात पोचला. तुम्हीही नाव बदलाच, कारण तुमचा मामा त्याच बारमध्ये बसतो.

बँडचं नाव स्वतः लिहा, पेंटरवर सोडू नका. आमच्या पेंटरने 'रॉक बँड'चं 'रोख बँड' केलं. मानधन अजून उधार आहे.

साउंड मंडपवाल्याचा घ्यावा लागतो. त्याला एकच बटण माहीत असतं, एको. तुम्ही एकदा 'हॅलो' म्हणा, जिंतूर नाक्यापर्यंत पाच वेळा जातं. ग्राहक लग्नातलं गाणं मागतील. म्हणा. दहाची नोट ओवाळून टाकली तर वाकून उचला. पाठीचा तेवढाच व्यायाम. इंग्रजी ओळ विसरलात तर बिनधास्त काहीही बडबडा, रॉकमध्ये चालतं. मराठी ओळ चुकलात तर तीन टेबलं एकदम दुरुस्त करतात.

आणि जागा फ्रिजशेजारची मागून घ्या. हे गुपित मी फुकट सांगतोय. कॉम्प्रेसर सुरू झाला की त्याची घरघर हाच तुमचा तानपुरा. एकदा लागला की हलत नाही. तीन महिने मी त्याच सुरात गायलो. लोक टीव्हीवर मॅच बघत होते, मधूनच कुणीतरी म्हणायचं, "हळू म्हण की राव, स्कोअर ऐकू येईना."

एका रात्री लाइट गेली. माइक गेला, मॅच गेली, कॉम्प्रेसरही गेला. अंधारात मी नुसत्या गळ्याने गात राहिलो आणि सूर काही सापडेना. थांबलो. शेंगदाण्याची टरफलं फुटण्याचा आवाज तेवढा येत होता. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "थांबलास का? आत्ता कुठं ऐकू यायलं होतं."

मालकाने मेणबत्ती लावली. गल्ल्यापाशी.