अपूर्णविराम अपेक्षित आहे

पायथन ही नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी संगणकभाषा आहे, असे मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितले, त्या सर्वांना ती आधीपासून येत होती. प्रतापनगरातील आमच्या बारा सदनिकांच्या सोसायटीचा मी सचिव असल्यामुळे देखभाल खर्चाचा आणि थकबाकीचा हिशेब माझ्याच माथी असतो, आणि तो यंत्राकडून करून घ्यावा, हा सल्ला मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीचा. "मामा, काहीच नाही जी त्यात. साधी इंग्रजीच तर आहे," ती म्हणाली. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना कूलरपुढून न उठता करता येईल असे कोणतेही काम नागपूरकराला पटते, त्यामुळे मीही फार खळखळ केली नाही.

त्याआधी तिने मला स्क्रॅच दाखवून पाहिली. अमेरिकेतील एमआयटीमध्ये तयार झालेली आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ही भाषा मुख्यतः मुलांसाठी आहे. तीत रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की पडद्यावरचे नारिंगी मांजर चालू लागते. संत्र्यांच्या शहरात ते शोभलेही असते. परंतु सोसायटीची थकबाकी मांजराच्या तोंडून जाहीर करणे मला सचिवपदाच्या प्रतिष्ठेला धरून वाटले नाही. पायथनचे कूळ त्यामानाने प्रौढ होते. ग्विदो व्हान रोसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळाच्या सुटीत हाताला काही उद्योग असावा म्हणून ती लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवलेले आहे, आणि तो विनोद कोणाच्या खर्चाने चालतो, हे शिकू लागल्याशिवाय कळत नाही.

आयुष्यभराच्या कार्यालयीन सवयीने मी पहिली ओळ, म्हणजे पडद्यावर मजकूर उमटवणारी 'प्रिंट' ही आज्ञा, वर्डमध्ये टंकलिखित केली आणि तेथून उचलून पायथनपुढे ठेवली. वर्डने सौजन्यापोटी पहिले अक्षर मोठे केले होते आणि अवतरणचिन्हांना सुबक वळण दिले होते. पायथनला ही अवतरणचिन्हे अवैध वाटली. ती सरळ करून दिल्यावर उत्तर आले की, मोठ्या 'पी'चा प्रिंट आपल्या परिचयाचा नाही. आपल्याला लहान 'पी'चा प्रिंट म्हणायचे आहे काय? मी पडद्याकडे पाहतच राहिलो. मला काय म्हणायचे आहे हे ज्याला इतके नेमके कळले, त्याने ते करून टाकायला काय हरकत होती? पुढे 'जर'ची, म्हणजे अट घालणाऱ्या 'इफ'ची ओळ लिहिली, तर 'अपूर्णविराम (:) अपेक्षित' असा शेरा आला. कोणत्या ओळीत, कोणत्या ठिकाणी, तेही बाणाने दाखवलेले होते. हा तपशीलवार समंजसपणा पायथनमध्ये २०२१ च्या आवृत्तीपासून आला, त्यापूर्वी नुसतेच 'वाक्यरचना चुकीची' म्हणून मोकळे होत असत, असे भाचीने कौतुकाने सांगितले. मला त्यात कौतुकासारखे काही दिसले नाही. ज्या शहरात पोहेवाल्याकडे नुसती प्लेट पुढे केली तरी तो न बोलता वरून तर्री ओततो, त्या शहरातल्या माणसाला, तुम्हाला तर्री हवी आहे हे मला ठाऊक आहे पण तुम्ही ती रीतसर मागितलेली नाही, असे सांगणाऱ्या यंत्राशी संसार करायचा होता.

त्यातून या भाषेत मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. 'जर'च्या पोटातल्या ओळी आत सरकवून लिहाव्या लागतात, प्रघात चार मोकळ्या जागांचा आहे, आणि एक ओळ जरी अर्ध्यातून बाहेर डोकावली तरी सगळा कारभार थांबतो. न लिहिलेल्या गोष्टीसाठी मेमो मिळण्याचा प्रकार मी सरकारी नोकरीतही पाहिला नव्हता.

खरा प्रसंग बेरजेच्या वेळी आला. चालू देखभाल खर्च १२०० रुपये आणि मागील बाकी ३०० रुपये, असे दोन आकडे मी यंत्राने विचारले तसे भरले आणि एकूण येणे विचारले. यंत्राने शांतपणे १२००३०० असे उत्तर दिले. एका सदनिकेकडून बारा लाख तीनशे रुपये येणे आहेत, हे वाचून मला क्षणभर सोसायटीच्या भवितव्याविषयी अतिशय आशादायक चित्र दिसले. भाचीने खुलासा केला की, इनपुट या आज्ञेने विचारून घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथनच्या लेखी मजकूर असते, आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे त्यांना शेजारी शेजारी उभे करणे. त्यांचे पूर्णांक करा, म्हणजेच इंट लावा, असे सांगितल्याशिवाय ते आकडे होत नाहीत. इंट लावताच येणे पंधराशेवर उतरले.

मग यादी केली. पहिल्या सदनिकेचे नाव मागितले, तर दुसरीचे आले, कारण येथे मोजणी शून्यापासून सुरू होते. या बाबतीत मात्र मी यंत्राला नावे ठेवली नाहीत. झीरो माइलच्या स्तंभासमोरून ज्याची आयुष्यभर ये-जा झाली, त्याने शून्यापासून मोजण्याला आक्षेप घेणे बरे दिसत नाही. आक्षेप शेवटाला होता. एक ते बारा अशी रेंज, म्हणजे आकड्यांची मर्यादा, दिली तरी यंत्र अकरावर थांबते, कारण शेवटचा आकडा धरायचा नसतो. बाराव्या सदनिकेची थकबाकी अशा रीतीने परस्पर माफ झाली होती, आणि तेथील गृहस्थांच्या कानावर ही बातमी जाऊ नये याची मी पुरेपूर काळजी घेतली.

एवढ्या तक्रारींनंतर न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की, पायथनचे मराठीशी वैर नाही. 'थकबाकी' हे नाव देवनागरीत दिले तर ते चालते. थेट मराठी आकडे लिहिले तर हरकत घेतली जाते, पण तेच '१२००' अवतरणचिन्हांत ठेवून इंट लावले की बिनतक्रार वाचले जातात. 'नागपूर' या नावाची लांबी विचारली, तर चारऐवजी सहा आली, कारण काना आणि ऊकार यांना येथे स्वतंत्र आसन आहे. उत्साहाच्या भरात मी तेच नाव उलटे लिहायला सांगितले आणि पडद्यावर 'रूपगान' उमटले. महापालिकेला हे कळल्यास चौकाचौकात फलक लागतील, म्हणून ते मी स्वतःपाशीच ठेवले आहे.

पुढच्या सभेत छापील यादी बारा नावांनिशी वाटली. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपल्या नावापुढचा आकडा लांबून, मग जवळून पाहिला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "समजून घ्या ना जी."

मी म्हणालो, "हा हिशेब संगणकाने केला आहे. त्याला समजून घेणे जमत नाही."

"असं का?" ते कागदाची घडी करत म्हणाले, "मग वसुलीला त्यालेच पाठवा ना जी."