टाकळा, गजकर्ण आणि पुरावा

पावसाळा लागला की येऊरच्या पाड्यांवरच्या बायका ठाण्याच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात, आणि त्याच दिवसांत, भिजलेल्या कपड्यांनी लोकलच्या गर्दीतून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांच्या कमरेला आणि जांघेत गजकर्ण उठते. माझी आजी त्यावर टाकळ्याचे बी आंबट ताकात वाटून लावत असे. संस्कृतात या वनस्पतीला चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात. दद्रू म्हणजे गजकर्णच.

हा उपचार निराधार नाही, हे मी मुद्दाम सांगतो. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनिक आम्लाच्या कुळातील जी संयुगे सापडतात, ती प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतात. ब्राझीलमधून गोव्यात आलेली आणि म्हणून ‘गोवा पावडर’ म्हटली गेलेली भुकटी एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर वापरली जाई, तिच्यातही याच कुळातील द्रव्य होते. ते कातडीची आग करते आणि डाग पाडते, हेही तेव्हाच दिसून आले होते. काचेच्या बशीत बुरशी मरणे आणि माणसाच्या अंगावरचा आजार बरा होणे यांत हेच अंतर आहे, कारण वाटलेल्या लेपात औषधी द्रव्य किती उतरले, हे आजीलाही ठाऊक नव्हते आणि आपल्यालाही नसते.

खरजेवर कडुनिंब आणि हळदीचा लेप लावलेल्या ८१४ जणांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याची नोंद त्यात आहे. तो प्राथमिक अभ्यास होता. तरीही समाजमाध्यमांवर त्याचा दाखला अंतिम निकालासारखा दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. असा आकडा हाती आल्यावर काटेकोर तुलनात्मक चाचणीची मागणी व्हायला हवी.

पण लेपाला नावे ठेवणाऱ्यांनी आपल्या घरातील ट्यूबही एकदा पाहावी. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप बदलल्यामुळे निदानही अवघड होते. माझ्या भाच्याला ओळखीच्या दुकानदाराने चिठ्ठीशिवाय असेच मलम दिले, आणि नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे आमचे कित्येक महिने गेले. आज भारतात टर्बिनाफाइन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी बुरशी पसरली आहे. २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळाले.

म्हणून टाकळ्याची भाजी आमच्याकडे आवडीने होते, पण चट्टा दिसला की आम्ही डॉक्टरांकडे जातो आणि आधी कोणता पाला, कोणते तेल, कोणते मलम लावले होते, ते न लाजता सांगतो. डॉक्टरांनीही ते आपणहून विचारावे आणि ऐकून रुग्णाला रागावू नये, कारण रागावलेल्या रुग्णाने पुढच्या वेळी ते लपवले, तर समोरची लाली लेपाने आली की बुरशीने, हे त्यांना कळायचे कसे?