हेडर उघडलं म्हणून शेजारी सापडत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. निनावी ई-मेल आला की हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी त्याच्या प्रवासाची एरवी न दिसणारी नोंद उघडा, सगळ्यात खालच्या ‘रिसीव्ड’ ओळीतला आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता) लोकेशनच्या साइटवर टाका, पाठवणाऱ्याचं घर हजर! वर ग्वाही: ‘हेडर सर्व्हर लिहितो, त्यात खोटेपणा करताच येत नाही.’ सोसायटीच्या निवडणुकीत असला सल्ला म्हणजे भांडणाला आमंत्रणच.

खरा भाग एवढाच, की मेल ज्या सर्व्हरकडे पोचतो तो आधीच्या ओळी न खोडता वर आपली एक ‘रिसीव्ड’ ओळ चढवतो: कुणाकडून आला, कुणी घेतला, कधी. म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. १९८२ च्या एसएमटीपी नियमांपासून, म्हणजे मेल पोचवण्याच्या ठरलेल्या पद्धतीपासून, हे असंच चालत आलंय.

पण पाठवणारा मेल सोडतानाच खाली दोन-चार बनावट ‘रिसीव्ड’ ओळी चिकटवू शकतो. पुढचे सर्व्हर त्यांची शहानिशा करत नाहीत, मेल तसाच पुढे जातो. भरवसा ठेवायचा तो वरच्या, आपल्या स्वतःच्या मेल-सेवेने लिहिलेल्या ओळींवर. म्हणजे या मेसेजचा सगळा डोलारा ज्या ओळीवर उभा, तीच सगळ्यात कच्ची. एका ओळीच्या आतही डावं-उजवं असतं. ‘फ्रॉम’पुढचं नाव समोरच्या सर्व्हरने स्वतः सांगितलेलं, ते काहीही असू शकतं, कंसातला आयपी मात्र घेणाऱ्याने जोडणीवरून स्वतः टिपलेला.

आता घराचा पत्ता. जीमेलच्या साइटवरून किंवा ॲपमधून मेल पाठवला तर पाठवणाऱ्याचा आयपी बाहेर जातच नाही, दिसतात ते गूगलचे सर्व्हर. त्यांच्या ओळींत वेळ बहुधा पॅसिफिक, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची, उणे ०७०० किंवा ०८०० अशी लिहिलेली. सदाशिव पेठेतून नारायण पेठेत गेलेला मेलही ही वेळ मिरवतो. त्यावरून ‘हा अमेरिकेतल्या मुलाचा उद्योग’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग आहेतच!

१९२.१६८ ने सुरू होणारा आकडा कुठल्याही ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा असू शकतो, त्याला पत्ता म्हणून काही अर्थ नाही. खरा सार्वजनिक आयपी हाती लागला तरी मोबाइल नेटवर तो एकाच वेळी अनेकांच्या वाट्याला आलेला असतो, आणि लोकेशनची साइट अंदाज सांगते. माणूस पुण्यात, टाचणी मुंबईत. त्या वेळी तो आयपी कुणाकडे होता हे इंटरनेट कंपनीच्या नोंदींत असतं. त्या नोंदी पोलिसांना मागवता येतात, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही.

हेडरमधल्या एसपीएफ आणि डीकेआयएम या तपासण्या ‘पास’ असल्या तरी मेल त्या डोमेनच्या (उदाहरणार्थ जीमेल.कॉम) परवानगीने निघाला एवढंच कळतं. कीबोर्डवर बोटं कुणाची होती, ते नाही.

धमकी किंवा फसवणूक असेल तर सरळ सायबर पोलिसांकडे जा. पण नुसता स्क्रीनशॉट नेऊ नका आणि मेल फॉरवर्डही करू नका. साधं फॉरवर्ड केलं की नवा मेल तयार होतो, मूळ ‘रिसीव्ड’ ओळी मागेच राहतात. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर तो मेल उघडून तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ आणि मग ‘डाउनलोड ओरिजिनल’ करा. ती फाइल द्या, आणि इनबॉक्समधला मेल डिलीट करू नका.