बासरी पिशवीत गेली, त्याचं काय?

आज संध्याकाळी ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर सहा जणांचं जॅमिंग छान जमलं होतं. दोन गिटारी, एक काहोन (ज्यावर बसून हाताने वाजवतात ती लाकडी पेटी), एक हार्मोनियमची पेटी, एक गाणारा आणि सफेद तीनच्या पट्टीची बासरी घेतलेली एक मुलगी. तेवढ्यात ओळखीतलाच एक जण पंधरा इंची ट्रॉली स्पीकर ओढत आला. पाच मिनिटांत दोन्ही गिटारी त्यात, गाण्याचा माईक त्यात. दहाव्या मिनिटाला बासरी पिशवीत गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही!

मला राग आलाय तो याचा. ज्यांना आधीच ऐकू येत होतं त्यांचा आवाज वाढवला आणि जिला खरी गरज होती ती तशीच राहिली.

अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा असा स्पीकर, नकोच, असं मी म्हणत नाही. उघड्यावर भिंती नसतात, आवाज परतून येत नाही, अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. वर रस्त्यावरच्या रिक्षा आणि बाईक. मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली बासरी चार माणसांपलीकडे पोचत नाही. मान्य. पण म्हणूनच अ‍ॅम्प कोणासाठी, हे आधी ठरवायला हवं ना? अ‍ॅम्पशिवाय जे वाद्य सगळ्यात मोठं वाजतं, तिथे आवाजाची हद्द धरायची. आज ते काहोन होतं. त्याला माईक लावायचा नाही, त्याच्या वर कुणी जायचं नाही, आणि सगळ्यात हळू वाजणाऱ्याला उचलून त्याच्यापर्यंत आणायचं. बस, अ‍ॅम्पचं काम संपलं.

त्यासाठी पंधरा इंची डबा लागतच नाही. वॉट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे उलट बाजूने बघा, थोड्या वॉटमध्येही बरंच काम होतं. रोलँडचा क्यूब स्ट्रीट अडीच अधिक अडीच वॉटचा, ६ पेन्सिल सेलवर चालतो, आणि आठ-दहा जणांच्या वर्तुळाला पुरतो. घरातल्या ब्लूटूथ स्पीकरवर मात्र माईक चालवायला जाऊ नका. आवाज सहज दीडशे मिलिसेकंद उशिरा येतो. १२०च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश मात्रा मागे. कितीही पक्का गाणारा असो, घसरणारच.

आता आज गिटारीचं काय झालं ते. पिन थेट ट्रॉलीच्या माईकच्या भोकात घातली. गिटारीच्या सॅडलखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) तारांची थरथर पकडणारा पिएझो पिकअप असतो. त्याला साधारण १ मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो, माईकच्या इनपुटचा रोध त्याच्या कितीतरी खाली. मग खर्ज गळतो आणि तारा पत्र्यासारख्या वाजतात. तसंच झालं. त्यावर उपाय म्हणून बेसचं बटण पूर्ण फिरवलं. गिटारीच्या पोकळीचा स्वतःचा सूर १०० हर्ट्झच्या आसपास असतो, स्पीकर जमिनीवर असल्यामुळे खर्ज आधीच फुगलेला, त्यामुळे गिटार घुमायला लागली. ती झाकायला गाण्याचा माईक वाढवला, इको वाढवला, आणि स्पीकरचाच आवाज माईकमध्ये शिरून शिट्टी! अशा गिटारीला मधे प्रीअ‍ॅम्प (पिकअपला जुळणारा इनपुट देणारी छोटी डबी) हवा, किंवा अ‍ॅम्पलाच गिटारीचा वेगळा इनपुट हवा, आणि साउंडहोलवर, म्हणजे गिटारीच्या गोल भोकावर, रबरी झाकण. हे नसेल तर गिटार नुसती वाजवा. तिला तिचा आवाज आहे.

आणि बासरीला किती कमी लागलं असतं! एक साधा कार्डिऑइड माईक (मुख्यतः समोरचं ऐकणारा), त्यावर फोमची टोपी. फुंकण्याच्या भोकापासून चार-सहा बोटं, थोडा वरून, फुंकरीच्या वाटेत नाही. माईक निम्म्या अंतरावर आणला की ६ डेसिबल फुकटात मिळतात, बटणाला हातही लावावा लागत नाही. अ‍ॅम्प स्टुलावर, किंचित मागे कलता, आणि माईकची पाठ बरोबर त्याच्याकडे, कारण हा माईक पाठीमागूनच बहिरा असतो. मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, शून्यावर ठेवून तिला तारसप्तकात जोरात वाजवायला सांगा. लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन (माईकचं स्वतःचं बटण) वाढवा, मग जरा मागे या. नंतर मास्टर हळूहळू वर, शिट्टीची चाहूल लागली की खाली. इको शून्य. दुसरा माईक चालू ठेवाल तर शिट्टीआधी मिळणारे ३ डेसिबल गेले, म्हणून नको असलेला माईक बंदच. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, तेवढीच पाच मिनिटं ती ट्रॉली लावायला लागली.

साडेसातच्या सुमारास बॅटरी उतरली आणि आवाज फाटायला लागला. फाटला म्हणून अजून वाढवला. समोर फिरायला आलेले आजोबा कानावर हात ठेवून उठून गेले. पाठीमागे येऊरचं जंगल आहे, इमारतीत परीक्षेची पोरं आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, आणि सार्वजनिक जागी लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. कट्ट्यावरच्या नुसत्या वाद्यांना आजवर कुणी हटकलं नाही. या डब्यांमुळे एक दिवस पेटीसुद्धा उचलायला लावतील.

थोडा शांत होऊन लिहितो. ट्रॉली आणणारा मुलगा वाईट नाही. एवढं ओझं तो सगळ्यांसाठी ओढत आला, पाण्याच्या बाटल्याही त्यानेच आणल्या. मला त्याच्याशी बोलायचं होतं, पण त्या आवाजात बोलणार कसं! ती मुलगीही काही म्हणाली नाही. बासरी कापडात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि टाळ्या देत बसली. इतका वेळ सुरात असलेली मुलगी टाळ्या देत बसली होती.

तर मित्रा, पुढच्या रविवारी ट्रॉली आणलीस तरी चालेल. गिटारींच्या पिना काढ. एकच माईक, तिच्यासमोर. गाणारा उभा राहून गाईल, त्याचा गळा खणखणीत आहे. मास्टरचं बटण काहोनवाल्याकडे दे, कारण त्याची पिन कशातच नाही आणि आपला आवाज कुठे दबतो ते त्यालाच आधी कळेल. गेन लावून झाला की तिला मंद्रातला पंचम धरायला सांग, आणि तो वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू आला की बटणावरचा हात काढ.