तुरटी फिरवून वाइन निवळत नाही

करवंदं-जांभळं संपून पाऊस धरला की नातेवाइकांच्या आणि गाववाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. मला तो वेंगुर्ल्याहून आला, श्रीवर्धनहून आला, आणि पेडण्याच्या मावशीने तर दोनदा पाठवला. त्यात सांगितलेलं थोडक्यात असं: घरची वाइन गढूळ म्हणजे बिघडलेली. बाजारातली ‘केमिकलं’ वापरू नका. पाच लिटरच्या बरणीत तुरटीचा खडा फिरवा, नाहीतर एका अंड्याचा पांढरा भाग फेसून घाला. कुठल्याही फळाची वाइन रात्रीत आरशासारखी होईल. नाही झाली तर माप दुप्पट करा, आणि सकाळी बाटल्या भरा.

मजकूर एवढासा, पण त्यातलं एकही वाक्य धड नाही.

तुरटीपासून सुरुवात करू, कारण ती घरातली. पावसात विहिरीचं पाणी लाल झालं की हंड्यात तुरटी फिरवायची, हे आपण लहानपणापासून बघत आलो. आजीच्या वेळी निवळीची बी हंड्याला आतून घासत. मग वाइनला का नको? तर पाणी आंबट नसतं, म्हणून तिथे तुरटीची मात्रा चालते. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचे पाण्यात कापसासारखे पुंजके होतात आणि ते मातीला कवटाळून तळाशी बसतात. वाइनचा पीएच 3 ते 4 च्या दरम्यान. एवढ्या आंबटात ते पुंजके धरतच नाहीत, अ‍ॅल्युमिनियम विरघळलेलं राहतं. म्हणजे गढूळपणा जिथल्या तिथे, वर तोंड ओढून घेणारी चव. जांभळाच्या वाइनला आणखी तुरटपणा कशाला हवाय?

अंड्याचं तसं नाही, अंडं खरोखर काम करतं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या लाल वाइनला ते पिढ्यान्‌पिढ्या घालत आलेत. फक्त तिथे 225 लिटरच्या पिंपाला चार-सहा अंड्यांचा पांढरा भाग पुरतो, म्हणजे एक अंडं साधारण चाळीस लिटरला. पाच लिटरच्या बरणीला अंड्याचा आठवा हिस्सा झाला, आणि मेसेज सांगतो अख्खं. फेसायचंही नसतं. चिमूटभर मीठ आणि थोडं पाणी घालून अलगद ढवळायचं, फेस आला की ते वरच तरंगत बसतं.

जास्तीचं घातलं तर बिघडतं काय, ते मी करून बघितलंय. एका वर्षी जांभळाच्या पाच लिटरांत एका अंड्याचा अख्खा पांढरा भाग घातला. आठवड्यात वाइन अशी निवळली की दिव्यासमोर ग्लास धरला की माणिक. घरात शाबासकी मिळाली. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच बाटल्या बघितल्या तर आत धुकं. अंड्यातलं प्रथिन वाइनमधल्या टॅनिनला, म्हणजे तुरट अंशाला, धरून खाली नेतं. धरायला टॅनिन संपलं की उरलेलं प्रथिन वाइनमध्येच राहतं, आणि उष्णतेने ते फुटून दिसायला लागतं. सगळ्या बाटल्या परत बरणीत ओतल्या आणि ज्याला मेसेज ‘केमिकल’ म्हणतो त्या बेंटोनाइटने ते धुकं काढलं.

बेंटोनाइट म्हणजे माती. आपल्याकडे कच्छमध्ये तिच्या खाणी आहेत. (मुलतानी माती तिच्याच गोतावळ्यातली, पण तोंडाला लावायची ती बरणीत नको, खाण्यायोग्य प्रतीचीच घ्या.) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आधी गरम पाण्यात कालवून रात्रभर फुगू द्यायची, मगच वाइनमध्ये. कोरडी टाकली तर गुठळ्या होऊन नुसती तळाशी बसते. ती टॅनिनला हात लावत नाही, प्रथिनाला धरते. अंड्याच्या बरोबर उलट. तिचा एक दोष सांगायलाच हवा: साका फार पडतो आणि त्याबरोबर थोडी वाइनही जाते.

आणि ‘नैसर्गिक’च पाहिजे असेल तर वाइन निवळायला घालतात त्या बाकीच्या पदार्थांची यादी बघा. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांचं. कायटोसान कोळंबी-कुर्ल्यांच्या कवचांचं, त्यामुळे ज्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांना आधी सांगावं. आयसिंग्लास माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचं. घोळ माशाची जी बोत सोन्याच्या भावाने जाते, तोच अवयव. त्याचं द्रावण मात्र थंड जागेत करावं लागतं, आपल्या उकाड्यात ते कामातून जातं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अंडंही न शिवणाऱ्या पाहुण्याला द्यायची असेल तर या सगळ्यांत मातीच बरी.

आता ‘कुठल्याही फळाची’ हा शब्द. मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. गढूळपणा एक नसतो. कधी तो न बसलेल्या यीस्टचा असतो, कधी टॅनिनचा, कधी प्रथिनाचा, कधी पेक्टिनचा. आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा.

काजूचा बोंडू घ्या. त्याच्या रसात टॅनिन इतकं की घसा खवखवतो. तिथे अंडं किंवा जिलेटिन लागू पडतं, पण त्याहून सोपं म्हणजे आंबवायच्या आधी ताज्या रसातच साबुदाण्याची खळ घालावी, लिटरला पाचेक ग्रॅम साबुदाण्याची. रात्रभरात साका बसतो, वरचा निवळ रस काढून घ्यायचा. काही घरांत खळीऐवजी तांदळाची पेज घालतात. मात्र तयार वाइनमध्ये पेज ओतू नका, पिठाचं नवं धुकं तयार होईल.

आंबा आणि फणस यांचं दुखणं पेक्टिन. जॅम ज्याच्यामुळे धरतो तेच. इथे अंडं, माती, जिलेटिन, सगळे हात टेकतात. पेक्टिनेझ हे एन्झाइम लागतं, आणि तेही शक्यतो आंबवण्याआधी, कारण अल्कोहोल चढलं की त्याचा जोर कमी पडतो. बेंटोनाइटबरोबर तर ते कधीच घालू नये. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, माती त्यालाच धरून खाली बसते.

नेमकं काय आहे ते घरीच कळतं. थोडी वाइन बाटलीत घालून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. तळाशी बसली तर बहुधा यीस्ट, मग नुसतं थांबा. छोट्या बाटलीत घेऊन कढत पाण्यात काही तास ठेवून गार केली आणि ढग आले, तर प्रथिन. चमचाभर वाइनमध्ये तीन-चार चमचे जखमेला लावायचं स्पिरिट घालून जेलीसारखे धागे दिसले, तर पेक्टिन. हा शेवटचा नमुना लगेच ओतून द्या, चाखायचा नाही.

‘माप दुप्पट करा’ याचं उत्तर माझ्या जांभळाच्या बाटल्यांनी दिलेलंच आहे. करायचं असेल तर चार ग्लासांत शंभर-शंभर मिली घ्या, प्रत्येकात वेगळं माप घाला, दोन दिवस बघा. ज्या सगळ्यात कमी मापाने काम झालं, तेच बरणीला.

सकाळी बाटल्या भरण्याचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. निवळ दिसणाऱ्या वाइनमध्येही यीस्ट जिवंत असू शकतं. साखर उरलेली असेल तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होतं आणि आपल्या दमट उन्हाळ्यात काच फुटते. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता दाखवणाऱ्या नळीचा) आकडा 1.000 च्या खाली जाऊन बरेच दिवस हलत नसेल तरच भरा. आंबणं चालू असताना निवळायला घालूनही उपयोग नाही, बुडबुडे साका वर उचलत राहतात.

राहिलं पहिलं वाक्य, गढूळ म्हणजे बिघडलेली. बिघडलेली वाइन नाकाला कळते. झाकण नीट बसलं नाही, चिलटं आत गेली की व्हिनेगरचा वास येतो, आणि तो ना माती काढते ना अंडं. अशी वाइन काचेसारखी स्वच्छ असली तरी ती लोणच्याच्या कामाची. उलट आमच्या घरी एक आंब्याची वाइन आहे. रस आटवून केली, म्हणजे पेक्टिन शिजून पक्कं झालेलं, आणि एन्झाइम घालायला विसरलो. दोन वर्षं झाली, अजून ताकासारखी दिसते. चव उत्तम आहे. पाहुण्यांना आम्ही ती स्टीलच्या पेल्यातून देतो.