भगिनी शहरं: सहीच्या आधी आणि सहीनंतर

‘भगिनी शहर म्हणजे महापौरांच्या परदेशवारीची सोय. सही, हारतुरे, फोटो, संपलं. माणूस बदलला की करारही बासनात.’ दोन देशांतली शहरं मैत्रीचा करार करून एकमेकांशी नातं जोडतात, त्या भगिनी शहरांबद्दलचा हा मजकूर हातोहात फिरतोय. त्यातला राग मला समजतो, पण त्यातलं बहुतेक म्हणणं चुकीचं आहे.

पहिला आरोप, हे सगळं वरून लादलं जातं. कॉव्हेंट्री बघा. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकीत हे इंग्लिश शहर होरपळलं. पुढे सोव्हिएत रशियातल्या स्टालिनग्राडची जर्मन हल्ल्यात त्याहून भीषण दशा झाली, तेव्हा कॉव्हेंट्रीतल्या आठशेहून जास्त बायकांची नावं एका टेबलक्लॉथवर भरली गेली आणि ते कापड मदतनिधीसह तिकडे रवाना झालं. धागा, सुई आणि ओळीने नावं. पालिकेचा हात पाठीशी होताच, पण नावं घराघरांतली होती. ज्यांची स्वतःची घरं पडली होती, त्या बायकांना दुसऱ्या गावाचं दुःख कुणी समजावून सांगावं लागलं नाही. १९४४ मध्ये दोन्ही शहरांचं नातं अधिकृत झालं.

शत्रूशी नातं जोडणं तर याहून अवघड. फ्रान्समधल्या माँबेलियारचे महापौर ल्युसियाँ थारादाँ हे नाझी जर्मनीच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून वाचलेले. त्यांच्याच काळात, १९५० मध्ये, माँबेलियारने जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गशी हात मिळवला. असा माणूस फोटोसाठी पुढे आला असेल, हे मला पटत नाही.

‘लोकांना काय मिळतं?’ अमेरिकेतल्या सेंट पॉलने ७ डिसेंबर १९५५ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या स्मरणदिनी, नागासाकीशी नातं जोडलं. पुढे नागासाकीच्या मासामी मात्सुदा यांनी सेंट पॉलच्या कोमो पार्कसाठी जपानी बागेचा आराखडा केला. ती बाग आजही तिथे आहे. शिवाय अशा नात्यात शाळकरी मुलं बहुतेकदा हॉटेलात नाही, तिथल्या कुटुंबात उतरतात. त्यांच्या ताटात जेवतात, मोडक्यातोडक्या भाषेत भावंडांशी भांडतात. व्यापार वाढतो की नाही, ते शहरागणिक वेगळं. त्याचा गाजावाजा मीही करणार नाही.

राहिला माणूस बदलण्याचा मुद्दा. यात अर्धं तथ्य आहे. आधी सही आणि मग माणसं शोधायची, असे करार खरोखरच धूळ खातात. पण २०१८ मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या महापौरांनी सॅन फ्रान्सिस्कोशी १९५७ पासूनचं नातं तोडलं (वाद होता ‘कम्फर्ट विमेन’च्या, म्हणजे युद्धकाळात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांच्या, स्मारकाचा), तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर लंडन ब्रीड यांनी उत्तर दिलं की दोन शहरांतल्या लोकांचं नातं एकटा महापौर संपवू शकत नाही.

म्हणून नव्या कराराची बातमी आली की महापौरांच्या तिकिटाआधी एवढंच विचारा: स्वयंसेवकांची समिती आहे का, त्यात शिक्षक, परिचारिका, अग्निशमन दलाचे जवान आहेत का, आणि सहीआधी या लोकांची एकमेकांशी ओळख झाली होती का?