मामा, तुमची ॲक्शन काय?

पावसाळ्यात कळसूबाईला जायचं ठरलं, तेव्हा बूट, रेनकोट आणि गुडघ्याचं मलम यांच्याही आधी माझ्या डोक्यात ॲक्शन कॅमेरा शिरला, म्हणजे अंगावर बांधून चालता-चढता शूटिंग करायचा तो चिमुकला कॅमेरा. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर! तिथं पन्नाशीचा माणूस चढणार आणि पुरावा नको?

बजेट पाच हजार. ऑनलाइन साडेतीन हजारांत एक मिळालाही. खोक्यावर '४के', म्हणजे एकदम बारीक तपशिलाचं मोठं चित्र, इतकं ठळक, की कंपनीचं नाव शोधावं लागलं. गच्चीवर फिरून केलेला पहिला व्हिडिओ पाहून बायकोनं विचारलं, "भूकंप कधी झाला?"

भाच्यानं निदान केलं. "मामा, ह्याचा सेन्सर ४केचा नाहीच. लहान चित्र घेतो आणि ताणून मोठं करतो." म्हणजे दोघांच्या आमटीत पाणी ओतून आठ पाहुण्यांना वाढायची! हे तर आमच्या घरी फुकटात होतं. कॅमेरा परत गेला.

मग भाच्यानं माझीच मुलाखत घेतली.

"आधी तुमची ॲक्शन सांगा. पोहता?"

"नाही."

"यातले काही कॅमेरे दहा मीटर पाण्याखालीही चालतात, म्हणून विचारलं. बाइक?"

"स्कूटर. मंडईपर्यंत."

"मग सेकंदाला १२० फ्रेम्स, म्हणजे १२० चित्रं, कशाला?"

"स्लो मोशनला."

"तुम्हाला वेगळं स्लो मोशन नको, मामा."

शेवटी त्याचा निकाल असा: फ्रेम्सचा हव्यास सोडा, स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलतं चित्र स्थिर करायची सोय, चांगलं बघा आणि नव्याच्या मागे न लागता आधीचं मॉडेल घ्या. चोवीस हजार. सल्ला अगदी योग्य होता, फक्त माझ्या पाच हजारांना तो परवडत नव्हता. तरी घेतला.

"मेमरी कार्ड?" भाच्यानं विचारलं. मी जुन्या फोनमधलं काढून दिलं. त्यानं ते मेलेल्या झुरळासारखं दोन बोटांत धरलं. म्हणे व्ही३० छापलेलं लागतं, सेकंदाला निदान ३० एमबी लिहिणारं, नाहीतर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. शिवाय १०० एमबीपीएसनं (हे मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी) शूट केलं तर तासाला ४५ जीबी! मग जादा बॅटऱ्या, मग छातीचा पट्टा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण इथं कोंबडीच चोवीस हजारांची होती.

बारी गावातून निघालो. पट्टा छातीसाठी असला, तरी कॅमेऱ्याला पोटाचा उतार आडवा आला आणि त्याचं तोंड आभाळाकडे झालं. शिड्या चढताना मी खाली बघत होतो, तो वर. हे मला घरी आल्यावर कळलं.

टीव्हीसमोर सगळे जमले. चाळीस मिनिटं माझी हनुवटी, तिच्यामागे पांढरं धुकं आणि धापांचा आवाज. मंदिराची घंटा ऐकू आली, दिसली नाही.

बायको बराच वेळ एकटक बघत होती. मग म्हणाली, "काही म्हणा, धुकं जराही हललेलं नाही हो!"